साक्षीला ठेवलेला हंडा

मी हंडा बोलतोय. तांब्यापितळेचा नव्हे, साधा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा. पांढरट, हलका, टिचकी मारली तर डबडब वाजणारा. आमच्यासारख्याला कुणी देवापुढे ठेवत नाही आणि चोरालाही आमचा मोह होत नाही. आम्ही पाणी आणतो आणि पोचवतो. तेवढ्यासाठी आम्ही जन्माला येतो.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्पातला. पत्र्याची शेड, आत गरगर फिरणारा साचा, त्यावर पत्र्याची चकती दाबत बसलेला घामाघूम कारागीर. शेठ सिंधी होता. तो गिऱ्हाइकाशी हिंदीत बोले, बायकोशी सिंधीत आणि रागावला की मराठीत. माझ्या पाठीवर थाप मारून गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ले जा साईं, तेरे पोते भी इसी से पानी पियेंगे." प्रत्येक हंड्याबद्दल तो हेच म्हणे. पण मी नवा होतो, मला ते खरं वाटलं.

बदलापूरच्या बाजारात मला चंद्री नावाच्या ठाकर आदिवासी बाईने विकत घेतलं. तिच्या लेकीचं, नवसीचं लग्न होतं. चंद्रीने मला उचललं, कानाशी धरून टिचकी मारली आणि दुकानदाराला म्हणाली, "काठ जाड हाय ना रं? पोरीच्या डोक्याला लागंल नायतर." मुलीच्या डोक्याचा विचार करून हंडा घेणारी आई मला नंतर पुष्कळ वेळा आठवली.

नवसीचं सासर म्हणजे कोंडवाडी. अंबरनाथ, बदलापूर मागे टाकून पुढे आलं की उंबरवली नावाचं गाव लागतं. त्या गावाच्या वर, डोंगराच्या कडेला ही वाडी. कुडाची घरं, पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात जंगलातली मोळी नाहीतर गावात बिगारी. नवसीचा नवरा पदू अबोल माणूस. दीर, जाऊ, सासू, सगळे एकाच अंगणात राहायचे.

वाडीला लागून एक मोठा काळा पाइप जायचा. वरच्या धरणातलं पाणी त्या पाइपातून खाली उंबरवलीला आणि तिथून कारखान्यांना जायचं. वाडीतल्या बाया पाणी आणताना दमल्या की त्याच पाइपावर टेकत. कान लावला की आतून पाणी जाताना ऐकू येई. बायांच्या घशाला कोरड आणि बुडाखाली पाणी. पण त्यातला थेंब त्यांचा नव्हता.

त्यांचं पाणी खाली ओढ्यात असे. होळीनंतर ओढा आटला की कोरड्या पात्रात खड्डा उकरायचा. त्याला डवरा म्हणतात. तळाशी पाझर जमला की वाटीवाटीने मला भरायचं आणि डोक्यावर घेऊन चढ चढायचा. मी भरलो की नवसी एक हात मला लावी आणि दुसऱ्याने लुगड्याचा काष्टा सावरी. तिच्या मानेवरचा घाम मला ठाऊक होता. ती वाटेत कुणाशी भांडायची, कुणाला हसायची, तेही मला आधी कळायचं, कारण माझ्यातलं पाणी हलायचं.

पुढे उंबरवलीला नगरपालिका झाली. हद्द आखताना कोंडवाडी आणि आजूबाजूचे पाडे आत घेतले. वाडीला आनंद झाला. आता नळ येणार! पदू आणि चार माणसं कचेरीत जाऊन आली ती मान खाली घालून. वाडीतली घरं वनखात्याच्या जमिनीवर होती. पिढ्यान् पिढ्या होती, पण कागद नव्हता. घराचा कागद नाही त्याला नळजोडणी देता येत नाही, असा कायदा आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. "आमच्या हातात काही नाही," साहेब म्हणाले होते, "कायदा वर बदलायला हवा."

आणि मग तो उन्हाळा आला.

नवसीची धाकटी जाऊ द्रौपदी. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. नवसीला त्या दिवशी ताप होता म्हणून मला द्रौपदीने उचललं. "तू नको जाऊ गं," नवसी आतून ओरडली. "एक खेप तर हाय," म्हणून द्रौपदी निघाली. डवऱ्यात पाणी गढूळ होतं, तिने निवळायची वाट पाहिली. चढावर तिचा पाय मुरमावरून सटकला. तिने मला सोडलं नाही. सोडलं असतं तर कदाचित तिला दोन्ही हात टेकता आले असते. मी खडकावर आपटलो, माझी कूस आत गेली. ती पोटावर पडली.

मूल गेलं. मुलगा होता, असं बाया हळू आवाजात बोलत होत्या. द्रौपदी वाचली, पण बरेच दिवस ती कुणाशी बोलली नाही. मला पाहिलं की तोंड फिरवायची.

ताप उतरल्यावर नवसीने मला डोक्यावर घेतलं, तसंच, पोचा पडलेल्या अंगाने, आणि ती उंबरवलीच्या रस्त्याला लागली. मागे वाडीतल्या बाया, रिकामे हंडे घेऊन. कचेरीत कारकून म्हणाला, "मोर्चा आणला असेल तर निवेदन द्या. लेखी."

नवसीने मला त्याच्या टेबलावर ठेवलं. "हा घे. वाच."

"हे काय?"

"रिकामा हाय का भरलेला, येवढं तर वाचता येतं ना तुना?"

कचेरी हसली. कारकूनही हसला. पण ते वाक्य गावभर झालं. निवडणूक आली तेव्हा वाड्यापाड्यांची जागा आदिवासी बाईसाठी राखीव निघाली, आणि सगळ्या पाड्यांनी एका तोंडाने नवसीचं नाव घेतलं. ती निवडून आली.

त्याच निवडणुकीत गावातल्या गुलमोहर कॉलनीतून वृंदाताई निवडून आल्या. त्यांचे यजमान शशिकांतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. ताई महिला मंडळ चालवायच्या, स्वच्छ बोलायच्या, कुणी अडवलं तर आणखी स्वच्छ बोलायच्या. पहिल्या सभेला नवसी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली तेव्हा ताईंनी तिचा हात धरून तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. "मागे बसलीस तर यांना दिसणार नाहीस," त्या म्हणाल्या.

एका चैत्रात ताई कोंडवाडीत आल्या. एकट्याच, पायात सपाता. द्रौपदीजवळ बसल्या, तिचा हात हातात घेऊन. काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "मला डवरा बघायचाय." तिथे गेल्यावर म्हणाल्या, "हंडा माझ्या डोक्यावर दे."

"ताय, नाय व्हायचं तुमाला."

"दे गं."

नवसीने मला अर्धंच भरून ताईंच्या डोक्यावर ठेवलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ताईंची मान थरथरत होती, पाणी उसळून त्यांच्या खांद्यावर सांडत होतं. निम्म्या चढावर त्या पाइपापाशी आल्या आणि मला उतरवून त्यावर बसल्या. धाप लागली होती. मग त्यांनी वाकून पाइपाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"ऐकू येतंय गं," त्या म्हणाल्या.

"आमी रोज ऐकतो," नवसी म्हणाली.

ताईंचे डोळे भरून आले. मी खोटं सांगत नाही, ते पाणी खरं होतं. त्या म्हणाल्या, "नवसी, हे पहिलं. बाकी सगळं नंतर." त्या दिवसापासून द्रौपदी पुन्हा बोलायला लागली. आणि तिने मला पुन्हा हात लावला.

संधीही लवकरच आली. सरकार नगरपालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणार होतं. येत्या अधिवेशनात विधेयक येणार, तेव्हा प्रत्येक नगरपालिकेने आपल्याला कायद्यात काय बदल हवेत ते ठराव करून कळवावं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं काय, त्यानंतर काय, असा क्रम लावून कळवावं, असं वरून आलं. त्यासाठी खास सभा बोलावली गेली. नवसी मला घेऊन सभेला गेली. शिपायाने दारात अडवलं, पण ताई म्हणाल्या, "येऊ दे."

नगराध्यक्ष होते शरदचंद्र वकील. गोड बोलणारा माणूस. कुणाला नाही म्हणायचं असलं तरी आधी त्याची स्तुती करायचे. त्यांनी मागण्या वाचून दाखवल्या. जकातीचा वाटा, नगरपालिकेला जास्त अधिकार, आणि मग मुख्य दोन. एक, गावात शेतजमिनीवर परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारती नियमित कराव्यात. दोन, वनजमिनीवरच्या वाड्यापाड्यांना घराचा कागद नसला तरी नळाचं पाणी देता यावं.

"पहिली मागणी इमारतींचीच पाहिजे," एक सदस्य उठून म्हणाला. "निम्मं गाव त्या इमारतींत राहतं. उद्या कोणी तोडायला आलं तर लोक आपल्याला सोडतील का? पाड्यांचं काय, त्यांचं चाललंयच की इतकी वर्षं!"

"चाललंय?" नवसी उठली. तिने मागे वळून पाहिलं. प्रेक्षकांच्या बाकावर द्रौपदी बसली होती. नवसी तशीच खाली बसली.

तेव्हा वृंदाताई उभ्या राहिल्या. "मी ज्या इमारतीत राहते तीही विनापरवाना आहे," त्या म्हणाल्या. सभागृहात कुजबुज थांबली. "घर घेताना बिल्डरने सांगितलं होतं, परवानगी आज येईल, उद्या येईल. ती आली नाही. म्हणजे माझ्याही घराला कागद नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात नळ आहे. सकाळी तोटी फिरवली की पाणी येतं. ते पाणी कोंडवाडीच्या दारावरून येतं. तेव्हा आधी त्यांचं. आमचं दुसरं."

हात वर झाले. एक, मग बरेच. विरोध करणाऱ्यानेही इकडेतिकडे बघून हात वर केला. पाड्यांचं पाणी ही उंबरवलीची पहिली मागणी ठरली. टाळ्या पडल्या. शरदचंद्रांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. "हा हंडा आता आपल्या सगळ्यांचा," ते म्हणाले. मी लाजलो. उभ्या जन्मात माझ्या गळ्यात बायांच्या हातांशिवाय काही पडलं नव्हतं.

नवसीने मला उचललं, आणि तिच्या मनात काय आलं कोण जाणे, पुन्हा खाली ठेवलं. "हा हितंच राहू दे," ती म्हणाली. "साक्षीला. कायदा झाला का न्यायला येन."

"अगं, घरी पाण्याला काय करशील?" ताईंनी विचारलं.

"दुसरा हाय, लहान. खेपा वाढतील. वाढू दे. तुमी हायत म्हनून ठेवतेय, ताय."

असा मी नगराध्यक्षांच्या दालनात राहायला आलो, खिडकीजवळच्या कपाटावर.

दालनातलं जग वेगळं होतं. तिथे येणाऱ्या प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास ठेवत. माणसं दोन घोट घेत आणि ग्लास सरकवत. संध्याकाळी शिपाई ते सगळे उष्टे ग्लास बेसिनमध्ये ओतायचा. मी वरून बघायचो आणि हिशेब नाही करायचो. त्रास होई.

अधिवेशन जवळ आलं तसं गुलमोहर कॉलनीत खळबळ झाली. वरून नोटिसा आल्या. काही इमारती पाडायच्या होत्या, त्यांत ताईंची इमारत पहिल्यांत होती. त्या दुपारी दालनाचं दार लावून तिघं बसले. शरदचंद्र, ताई आणि शशिकांतराव. मी चौथा, पण मला कोण मोजतो.

"मंत्रालयातून निरोप आहे," शरदचंद्र म्हणाले. "पाड्यांचं कलम घालायचं तर वनखात्याला विचारावं लागेल. त्यात वर्ष जाईल. तीच आपली पहिली मागणी राहिली तर आपली सगळी फाइलच बाजूला पडेल. इमारतींचं कलम मात्र तयार आहे. आपण क्रम बदलून दिला तर याच अधिवेशनात होईल. नोटिसा आपोआप रद्द."

"ठराव झालाय," ताई म्हणाल्या. "भर सभेत झालाय."

"मागणी कुठे काढतोय आपण? फक्त खालीवर करतोय. ताई, तुमच्या त्या भाषणाचं मला आजही कौतुक वाटतं. पण राजकारणात थोडं..."

"नवसीला काय सांगू?"

इतका वेळ गप्प असलेले शशिकांतराव बोलले. वाईट माणूस नव्हता तो. आवाज थकलेला होता. "वृंदा, आईला अंथरुणावरून उठता येत नाही. तिला उचलून कुठं नेऊ, ते मला सांग. मग तू म्हणशील तसं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या उठतील. ज्या बाईने मला डोक्यावर घेतलं होतं, ती आता उठेल आणि सभेत बोलली तसं बोलेल. त्या उठल्या. खिडकीशी आल्या, माझ्या अगदी जवळ. आणि बाहेर बघत म्हणाल्या, "नवसीला मी सांगेन. दुसऱ्या कुणी सांगू नका."

"मुंबईहून परत आल्यावर सांगा," शरदचंद्र म्हणाले. "आधी सांगितलंत तर ती तिथे येऊन बसेल."

ताईंनी नवसीला सांगितलं की मागण्या द्यायला शिष्टमंडळ तिच्यासकट गुरुवारी मुंबईला जाणार आहे. जीप मंगळवारी निघाली. निघताना शरदचंद्रांना काय सुचलं, ते शिपायाला म्हणाले, "तो हंडा घे रे मागे."

मंत्रालयात मला पुसून मंत्र्यांच्या टेबलावर ठेवलं. "हे काय?" मंत्र्यांनी विचारलं.

"साहेब, आमच्या भागातल्या सामान्य माणसाच्या हालअपेष्टा," शरदचंद्र म्हणाले. "त्यांच्यासाठीच आलोय."

मंत्र्यांनी माझ्यावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. फोटो काढायला माणूस आला. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. ताईंना माझ्या शेजारी उभं केलं. त्यांनी माझ्या काठाला धरलं होतं, बोटं गार पडली होती. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा हसा ना." ताई हसल्या.

मग कागद पुढे सरकला. त्यावर पहिली मागणी इमारतींची होती. पाड्यांचं पाणी शेवटी कुठेतरी होतं, 'इतर बाबी' या शब्दांखाली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण रिकामा हंडा कुणी हात लावल्याशिवाय वाजत नाही.

मला परत आणून कपाटावर ठेवलं. विधेयक मंजूर झालं. पेपरात फोटो आला, मधोमध मी. वर मथळा होता, 'उंबरवलीच्या पहिल्या मागणीला यश'.

कोंडवाडीत पेपर जात नाही. पण दुधाच्या गाडीवाल्याने फोटो दाखवला. हंडा सगळ्यांनी ओळखला. पहिली मागणी कुठली, हे तर वाडीला पाठच होतं.

करवंदं पिकायचे दिवस होते. एका सकाळी दालनाबाहेर बायांचा आवाज आला. आवाज माझ्या ओळखीचा होता, मी कपाटावर थरारलो. नवसी, द्रौपदी, मागे सगळी वाडी. नव्या लुगड्यांत. केसांत फुलं. द्रौपदीच्या हातात पळसाच्या पानाचा मोठा द्रोण, करवंदांनी भरलेला. नवसीने मला कपाटावरून उतरवलं, पदराने पुसलं, कुंकू लावलं.

"झाला ना रं कायदा," ती माझ्याशी बोलली. अगदी हळू. "चल आता घरी."

तेवढ्यात ताई आल्या. दारातच थांबल्या. द्रौपदीने पुढे होऊन करवंदं त्यांच्या हातांत दिली आणि वाकून पाया पडली. ताईंनी ती घेतली, म्हणजे हात पुढे आले म्हणून घेतली गेली.

"ताय, नळ कंदी लावनार?" द्रौपदीने विचारलं. "पावसाच्या आदी का मागून?"

ताई म्हणाल्या, "द्रौपदी... नवसी, जरा बस. तुला सांगायचंच होतं. तो कायदा... पाड्यांचा नाही झाला. इमारतींचा झाला."

नवसी हसली. तिला वाटलं, ताई चुकून बोलल्या. "आमचा पयला हुता ना?"

"होता. बदलावा लागला. वनखातं मध्ये येत होतं गं. सगळंच अडलं असतं. पुढच्या अधिवेशनात आपण नक्की..."

"कोनी बदलला?"

ताईंची नजर करवंदांवर गेली.

"सभेत तर मी हुते. सभेत नाय बदलला. मग कंदी बदलला? मी गुरवारी जीपची वाट बघत हुते, कचेरीच्या पायरीवर. शिपाय बोलला, जीप गेली मंगळवारी. मना वाटलं, तुमी इसरलात सांगाया."

"नवसी, माझं घर पाडत होते. सासूबाई अंथरुणावर आहेत. तुला नाही कळणार..."

"कळतं ना." नवसीचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मना का नाय कळनार? तुजं घर कागदाबिगर. माजं घर कागदाबिगर. तुज्या घराला कागुद मिलाला. बरं झालं. म्हातारी घरात राह्यली, बरं झालं. पन मना सांगायचं ना, ताय. मी बोलले असते, आदी तुजं कर. आईशप्पत बोलले असते. तू माज्या हंड्याला धरून हसलीस न् मना गुरवार सांगितलास."

द्रौपदीला सगळं उशिरा कळलं. कळलं तेव्हा तिने फक्त एवढंच केलं. ती ताईंजवळ गेली, त्यांच्या हातांतून करवंदांचा द्रोण परत घेतला आणि बाहेर गेली.

नवसीने मला कमरेवर घेतलं. दारात शरदचंद्र भेटले. "नवसीबाई, हंडा नाही नेता यायचा," ते गोड आवाजात म्हणाले. "तो आता नगरपालिकेच्या मालमत्तेत नोंदलेला आहे. मंत्र्यांनी हात लावलेला हंडा! लागला तर अर्ज करा, सभेपुढे ठेवू."

"कायदा राहू दे. माजा हंडा तरी द्या."

"अर्ज करा ना. नाही कोण म्हणतंय?"

नवसीने ताईंकडे पाहिलं. एक शब्द ताई बोलल्या असत्या तर मी त्या दिवशी घरी गेलो असतो. ताई जमिनीकडे बघत होत्या. नवसीने मला टेबलावर ठेवलं. माझ्या कपाळाचं कुंकू ओलं होतं अजून.

तिने अर्ज केला नाही. सभांना मात्र ती येत राहिली. आता पुन्हा मागच्या खुर्चीत बसायची. दर वर्षी मागण्यांचा क्रम लावायची वेळ आली की उठून म्हणायची, "पाड्यांचं पानी." कुणी हसायचं, कुणी मान डोलवायचं. मागणी नोंदली जायची, खालीच कुठेतरी. ताई तिच्या बाजूने हात वर करायच्या. नवसी तिकडे बघायची नाही.

नंतर नगराध्यक्षपद बाईसाठी राखीव निघालं आणि दालनात वृंदाताई आल्या. मला वाटलं, आता. पहिल्याच दिवशी त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. लगेच दुसरीकडे वळली. असं बरेच दिवस चाललं. एकदा त्यांनी शिपायाला बोलावलं. "त्या हंड्यात एखादं झाड लाव. रिकामा बघवत नाही मला."

शिपाई कामाचा माणूस. झाडाला पाण्याचा निचरा हवा, हे त्याला माहीत होतं. त्याने मला पालथं घातलं, बुडावर छिन्नी ठेवली आणि हातोडी मारली. एकाच घावात भोक पडलं. इतक्या वर्षांत खडकाने जे केलं नव्हतं ते त्याने सहज केलं. माझ्यात माती भरली, मनीप्लांट लावला. वेल छान वाढला. येणारे म्हणायचे, "वा, काय कल्पक सजावट आहे!"

मुदत संपायच्या सुमारास नवसी एकदा दालनात आली. तिची जागा आता दुसऱ्या वर्गाला गेली होती, ती पुन्हा उभी राहणार नव्हती. दारात द्रौपदी होती. ताई पटकन उठल्या. "ये, बस." नवसी बसली नाही. ताई माझ्याकडे आल्या आणि स्वतःच्या हातांनी वेल उपसून काढला, माती वर्तमानपत्रावर ओतली. नखांत माती गेली. "घेऊन जा, नवसी. अर्ज नको, काही नको. तुझाच आहे."

नवसीने मला घेतलं. तिच्या हाताला आता घट्टे जास्त होते. तिने मला उलटं केलं, बुडाचं भोक बघितलं, त्यात बोट घालून फिरवलं.

"ह्याच्यात पानी नाय राहायचं आता, ताय."

"मी नवा घेऊन देते. स्टीलचा. दोन देते."

"नको." तिने मला खाली ठेवलं. आपटलं नाही, जपून ठेवलं. मग दाराकडे वळली. "चल गं द्रौपदे. ऊन चढायच्या आत पोचू. डवऱ्याला बाया थांबल्यात."

त्या गेल्या. ताईंनी हातांनीच माती पुन्हा माझ्यात भरली, वेल परत लावला आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. नळ सुरूच होता. तोंडावरही पाणी मारत होत्या, पुन्हा पुन्हा.

आता नवे सदस्य आलेत, नवे अध्यक्ष आलेत. मी खिडकीशीच आहे. कोंडवाडीचं काय झालं, मला कुणी सांगत नाही. मला झाडाचा राग नाही, शिपायाचाही नाही. ताईंचाही राग येत नाही असं म्हणायला हवं, चांगलं दिसेल ते. पण येतो. शरदचंद्रांनी फसवलं याचं दुःख मला कधी झालं नाही, त्यांनी मला कधी डोक्यावर घेतलं नव्हतं.

या दारातून अजून माणसं येतात. लांबून, उन्हातून, काहीतरी मागायला. गोड बोललं की विरघळतात, विश्वासाने हातातली वस्तू टेबलावर ठेवतात. बाबांनो, बायांनो, मागायचं ते मोठ्याने मागा, पुन्हा पुन्हा मागा. पण निघताना आपला हंडा आपल्या डोक्यावर घेऊन जा. इथं साक्षीला काही ठेवू नका.